भोग्याचं घर

मला आयुष्यात सावकार म्हणून हाक मारणारी एकच बाई भेटली, आणि ती आमची घरमालकीण होती. निदान आम्ही तिला घरमालकीण समजत होतो. पहिल्या दिवशी तिने जिन्याच्या तोंडाशी उभं राहून "या सावकार, आत या" म्हटलं, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. म्हटलं, कुणी बडं माणूस माझ्या पाठोपाठ वर आलंय की काय! मागे फक्त माझा नवरा होता, डोक्यावर गादी घेतलेला. सावकार मीच होते. पायात रबरी चप्पल आणि कडेवर तुळशीची कुंडी.

आम्ही माळशिरसचे. नवऱ्याला चिंचोळीच्या एका कारखान्यात नोकरी लागली, मला एका खाजगी दवाखान्यात रक्त तपासायचं काम मिळालं, म्हणून सोलापुरात आलो. एजंटाने बाळीवेशीजवळचं हे दुमजली घर दाखवलं. वरच्या दोन खोल्या आमच्यासाठी, खाली ती एकटी. कानडीत आईला अव्वा म्हणतात. अख्खी गल्ली तिला अव्वाच म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. घरात ती कानडी बोलायची, आमच्याशी मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम.

"भाडं किती?" एवढंच मी विचारलं होतं. अव्वाला ते शिवी दिल्यासारखं लागलं.

"भाडं? मी काय लॉज काढलंय व्हय? ह्ये घर भोग्याला द्यायचं हाय."

मला ऐकू आलं 'भोगायला'. मी घाबरून नवऱ्याकडे पाहिलं. सुरुवातीलाच कसले भोग?

मग अव्वाने पाय पसरून, शेंगा निवडत निवडत, आम्हाला समजावलं. तुम्ही एकरकमी पैसे द्यायचे आणि राहायचं. भाडं नाही. सोडून जाल तेव्हा तेवढेच पैसे परत, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. "तुमच्या पैशाला याज न्हाय, ह्या घराला भाडं न्हाय. फिटलं की!"

"म्हणजे हेवी डिपॉझिट," नवरा म्हणाला. त्याला कुठल्याही गोष्टीचं इंग्रजी नाव सापडलं की बरं वाटतं.

"डिपॉझिट न्हवं. घर तुमच्याकडं गहाण पडलं. तुमी सावकार, मी कर्जदार."

घर शोधायला आलेली माणसं आम्ही, आणि ही बाई आम्हाला घर गहाण टाकत होती. पैसे आमच्याकडे होते. शेती वेगळी झाली तेव्हा नवऱ्याच्या वाट्याला आलेले आणि माझ्या आईने अंगावर घातलेलं सोनं मोडून केलेले. त्यांतूनच पुढे कधीतरी स्वतःचं घर घ्यायचं, असं मनात होतं. भाड्यात महिन्याला जाण्यापेक्षा हे बरं म्हणून आम्ही सगळी रक्कम तिच्या हातावर ठेवली. कागद झाला, तिने कानडीत सही केली, आणि मी सावकार झाले.

त्या सावकारीचा पहिला फायदा म्हणजे नळ गळायला लागला. मी खाली जाऊन सांगितलं, तर अव्वा गोड हसली. "घर तुमच्या ताब्यात हाय, सावकार. राखायचं बी तुमीच." प्लंबरचे पैसे आम्ही दिले. पुढे दवाखान्यात येणाऱ्या एका वकीलबाईंनी सांगितलं की म्हातारी बरोबर बोलते, ताबा ज्याच्याकडे त्याने किरकोळ डागडुजी करायची असते. मी कपाळाला हात लावला.

कर्जदाराने जरा नरमाईने वागावं की नाही? अव्वा रोज सकाळी वर यायची, दाराजवळच्या भिंतीवर तळवा टेकवून क्षणभर उभी राहायची आणि मग सुरू व्हायची. कोपऱ्यात जाळं का, दिवा लावला का, ओला टॉवेल दारावर का? "कर्जदार असं बोलतात का, अव्वा?" मी एकदा चिडून विचारलं. तर म्हणाली, "सावकारानं घर झाडून ठिवायचं अस्तं. परत द्यायचं हाय की." आणि बोलताना मला कायम 'तुमी'. मी तिच्या नातीच्या वयाची, पण सावकाराला 'तू' कसं म्हणायचं!

सगळ्यांत मोठा तमाशा खिळ्याचा. सामान लावताना नवऱ्याने घड्याळासाठी भिंतीवर हातोडीचा पहिला ठोका घातला. दुसरा घालायच्या आत अव्वा वर. गुडघे दुखणारी ती बाई जिना कसा चढली, देव जाणे.

"खिळा? भितीला खिळा? अय्य शिवने! ह्या घराला खिळा मारायचा न्हाय!"

तिने हातोडीच काढून घेतली आणि खाली नेऊन कोळशाच्या पोत्यात टाकली. आमचं घड्याळ पुढे कायम फ्रिजवर आडवं पडून राहिलं. वेळ बघायची तर मान वाकडी करावी लागे. कपड्यांची दोरी खिडकीच्या गजांना, कॅलेंडर दाराच्या कडीला. मला वाटलं, चिकट बाई आहे, भिंतीचा पोपडा निघेल म्हणून जीव टाकते. पण तिच्याही खोलीत भिंतीवर काही नव्हतं. देव कोनाड्यात. तिच्या नवऱ्याचा फोटो पाटावर, भिंतीला टेकवून ठेवलेला, हार जमिनीवर लोळणारा. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर फार दिवस जगला नाही. मूलबाळ नव्हतं. त्याच्याशी काही बोलायचं असलं की अव्वा खाली बसायची, कारण तो तिच्या गुडघ्याएवढ्या उंचीवरून बघायचा. मला ते दृश्य बघवायचं नाही. एक खिळा मारून बिचाऱ्याला वर घ्यावं, असं कितीदा वाटलं.

काही वर्षं अशी गेली. मग कुंभारीच्या रस्त्याला नव्या इमारतीत आम्ही एक फ्लॅट पाहिला. लहान होता, पण गच्चीतून वारा यायचा. बँकेत विचारायला जायचं ठरलं, आणि अव्वा आमच्या आधी रिक्षात जाऊन बसली.

"तुमी कशाला, अव्वा?"

"माझे सावकार कर्ज काढाय चाललेत. बघाय नगं?"

बँकेतला कर्ज अधिकारी टाय लावलेला, हसतमुख मुलगा होता. त्याने आम्हाला पाणी दिलं आणि सांगायला सुरुवात केली. बँक घराची पूर्ण किंमत देत नाही, काही हिस्सा तुमचा पाहिजे. बाकीचं कर्ज. दर महिन्याला सारखा हप्ता, त्यात थोडं मुद्दल, थोडं व्याज. कर्ज फिटेपर्यंत घर बँकेकडे तारण.

"मंग तुमी राहाय कवा येनार?" अव्वाने विचारलं.

"कुठे?"

"ह्यांच्या घरात. गहाण घेतलं म्हंजे राहायला नगं?"

मुलगा हसला. "नाही आजी. राहणार हेच. कागद आमच्याकडे, ताबा यांचा. आम्ही फक्त लक्ष ठेवणार. जुन्या भाषेत याला नजरगहाण म्हणायचे."

नजर हा शब्द ऐकला आणि अव्वाचा चेहरा उतरला. ती उठली, टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आली, माझ्या तोंडावरून दोन्ही हात उतरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. भर बँकेत, कॅशच्या रांगेसमोर! "राहायचं न्हाय, झाडायचं न्हाय, दिवा लावायचा न्हाय. निस्ती नजर? घराला नजर लावून बसनार व्हय रं तुमी?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रांगेतला एक मनुष्य मान डोलावत होता, त्याचंही कर्ज असावं.

मुलगा गुणी होता, हसला नाही. त्याने व्याजाचे प्रकार सांगितले. फिक्स्ड म्हणजे दर ठरलेला, कागदात लिहिलेल्या मुदतीपर्यंत बदलत नाही, पण सुरुवातीला जरा चढा. फ्लोटिंग म्हणजे बाजाराबरोबर वर-खाली होणारा.

"आणि वर गेला की हप्ता वाढणार?" मी विचारलं.

"नको असेल तर हप्ता तोच ठेवतो. मग मुदत वाढते."

म्हणजे फेडत राहायचं आणि शेवट लांब जात राहायचा! नवऱ्याने तिथल्या तिथे बोटांवर आपली निवृत्ती मोजली. मग मुलाने स्क्रीनवर हप्त्यांचा तक्ता काढला, आणि मला खरा धक्का तिथे बसला. सुरुवातीची कितीतरी वर्षं हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जात होता. मुद्दल हलायलाच तयार नव्हतं.

"मंग ह्ये भाडंच की, सायब," अव्वा म्हणाली.

"तसं नाही, आजी. भाडं कधी संपत नाही, हे संपतं. आणि मधे हातात पैसे आले तर थेट मुद्दलात भरायचे. फ्लोटिंगला त्याचा दंड नाही. मुद्दल घटलं की व्याज घटतं."

हे तिला पटलं असावं, तिने मान डोलावली. परतताना रिक्षात तिने विचारलं, "तुमचा हिस्सा म्हंजे माझ्याकडचाच पैसा न्हवं?"

"हो अव्वा. बिल्डर महिनाअखेर मागतोय. नाही दिला तर बुकिंग जाईल."

"देते," ती म्हणाली आणि बाहेर बघत राहिली.

ते 'देते' ऐकून मला धीर यायला हवा होता. उलट धडकी भरली. गल्लीत ज्याला त्याला सांगायला काहीतरी होतंच. भोग्याचे पैसे कुणी तसेच ठेवतं का? लोक त्यात लग्नं करतात, गाड्या घेतात, आणि पुढचा भोग्यवाला मिळाला की त्याचे पैसे मागच्याला देतात. अव्वाने तर एजंटालाही सांगितलं नव्हतं, खोल्या बघायला कुणी येत नव्हतं. महिना सरत आला. नवरा जेवताना घास हातात धरून बसू लागला. मी एकदा तावातावाने खाली गेले आणि स्पष्टच विचारलं, पैशांचं काय?

"कर्जदारानं पैसं द्यायचं अस्तंय, सावकार. मला शिकवू नगा," एवढं म्हणून ती शेंगा सोलत राहिली.

त्याच आठवड्यात, पाणी यायच्या दिवशी, मी खालच्या नळावर बादल्या भरत होते. एक तरुण माणूस एका वकिलाला घेऊन अंगणात आला. हातात प्लास्टिकची पिशवी.

"आजी, माझ्या आजोबांनी हे घर तुमच्या यजमानांना भोग्याला दिलं होतं. पैसे घेऊन आलोय. घर सोडवायचंय."

बादली भरून पाणी अंगणभर वाहू लागलं. सोलापुरात दिवसांआड येणारं पाणी कुणी असं सोडत नाही, पण माझा हात नळापर्यंत जाईना. घर हिचं नव्हतं? मग आम्ही पैसे दिले ते कुणाला? आम्ही सावकार कुणाचे? आईचं सोनं, नवऱ्याच्या वाट्याची जमीन, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून त्या पाण्याबरोबर मोरीत गेलं.

अव्वाने पोराकडे निरखून पाहिलं. "डोळं आज्ज्यासारखं हायत. लई उशीर केलास रं."

वकील पुढे सरसावला. "भोग्याच्या गहाणात मालकाचा हक्क..."

"मला सांगू नगा. पैसं टाकलं की घर मोकळं. ठावं हाय मला." तिने दोघांना बसवलं, गूळ-शेंगा पुढे ठेवल्या.

पोराने पिशवी बाजेवर ठेवली. तिच्या नवऱ्याने गिरणीतून मिळालेले जेवढे पैसे त्याच्या आजोबांना दिले होते, तेवढेच त्यात होते. त्या काळी त्यांत घर गहाण पडत होतं. आता एक बऱ्यापैकी मोबाइल आला असता. भांडणाच्या तयारीने आलेला तो पोरगा गूळ हातात धरून तसाच बसला. ती इतक्या सहज घर सोडेल, हे त्यालाही खरं वाटत नव्हतं.

तेवढ्यात गल्ली जमली होती. जो तो सांगू लागला, अव्वा, घेऊ नका पैसे. ताबा तुमचा आहे, कोर्टात जाऊ द्या, तुमचं म्हातारपण आरामात निघेल. अव्वाने माझ्याकडे बोट केलं. "आनि उद्या ह्या सावकारीणबाई म्हनल्या, पैसं बी घेनार न् खोली बी सोडनार न्हाय, तर? तवा कोन येनार माझ्या बाजूनं?"

मला मात्र राग आवरेना. सगळ्यांदेखत मी ओरडले. "घर तुमचं नव्हतंच, अव्वा? इतकी वर्षं फसवलंत?"

"मी कवा म्हनलं माझं हाय म्हनून?"

खरंच, कधीच नव्हती म्हणाली. कायम 'ह्ये घर'. 'माझं घर' असं तिच्या तोंडून कधी आलंच नव्हतं. परत द्यायचं होतं म्हणून तिने आयुष्यभर एक खिळा मारला नव्हता, नवऱ्याला जमिनीवर बसवून ठेवलं होतं.

"आणि आमचे पैसे?" मी विचारलं.

"उद्या बँकेत चला. आनि तेवडा नळ बंद करा आदी."

दुसऱ्या दिवशी तिने कमरेच्या पिशवीतून मुदतठेवीची पावती काढली. आमचे पैसे आले त्याच आठवड्यातली. सगळी रक्कम तशीच. ती इतकी वर्षं फक्त त्या व्याजावर जगली होती, भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन. आता ठेव मोडली म्हणजे व्याज गेलं, आणि घर तर कालच गेलेलं. तिने कानडीत सावकाश सही केली, पैसे माझ्या खात्यात गेल्याचं माझ्या मोबाइलवर वाजलं, आणि ती म्हणाली, "फिटलं." मी तिचे पाय धरले तर म्हणाली, "सावकारानं असं करायचं नस्तं."

"आता कुठं राहणार, अव्वा?"

"अक्कलकोटला जाते. तितं अन्नछत्रात दोन घास मिळतात."

आम्ही फ्लॅटवर आलो. पावसाळा गेल्यावर एकदा बाळीवेशीकडे काम निघालं, म्हणून त्या गल्लीत वळले. तिथे जेसीबी उभा होता. मालकाच्या त्या नातवाने जागा बिल्डरला विकली होती. वरच्या खोलीची भिंत, जिच्यावर आमचं घड्याळ लावू दिलं नव्हतं, ती माझ्या डोळ्यांदेखत खाली आली. एकही खिळा नसलेली भिंत. मी रस्त्यात उभी राहून हमसून रडले, आणि शेजारच्या बाईला वाटलं, घर माझंच होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दारात रिक्षा थांबली. अव्वा. बगलेत चादरीत गुंडाळलेला नवऱ्याचा फोटो, हातात त्या पोराने पैसे आणलेली तीच प्लास्टिकची पिशवी.

"खोली हाय का रिकामी? भोग्याला पायजे."

तिने पैसे टेबलावर ठेवले. नवरा गडबडला. "अव्वा, तुम्ही अशाच राहा. पैसे कशाला? आणि हा फ्लॅट तारण आहे. बँकेच्या परवानगीशिवाय दुसरीकडे गहाण ठेवता येत नाही, कागदात अट आहे."

"बँक राहती का हितं?"

"नाही."

"दिवा लावती?"

"नाही."

"मंग कोन तरी राहाय नगं व्हय? निस्त्या नजरंनं घर टिकतंय?"

आम्ही कागद केला नाही, पैसे मात्र तिने घ्यायलाच लावले, आणि आम्ही ते तिच्यासारखेच ठेवीत टाकले. आता सावकार ती होती. रोज सकाळी आमच्या भिंतीवर तळवा टेकवायची. आणि फोटो पुन्हा पाटावर, जमिनीवर.

एका रविवारी ती देवळात गेलेली बघून नवऱ्याने शेजाऱ्याचं ड्रिल मशीन आणलं. तिच्या खोलीत भोक पाडलं, खिळा ठोकला, मी फोटो टांगला. हार घालतोय तोवर ती दारात. आम्ही दोघं चोरी पकडल्यासारखे उभे. आता अय्य शिवने, आता कानडी, असं मी मनात म्हणत होते.

ती पुढे आली. फोटोतल्या नवऱ्याकडे बघायला तिला मान वर करावी लागली. मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच, 'तू' म्हणाली.

"खिळा मारलास व्हय? आता मला जा म्हनायचं न्हाय."

आम्हाला म्हणावं लागलं नाही. मागच्या उन्हाळ्यात, दुपारी भाकरी खाऊन आडवी झाली ती उठलीच नाही. संध्याकाळी चहाला हाक मारायला गेले तेव्हा कळलं. त्या धक्क्यातून मी अजून नीट सावरलेली नाही.

बँकेचं कर्ज चालू आहे. दर वर गेला की मुदत वाढते, बोनस आला की मुद्दलात भरतो. कधीतरी ते फिटेल. अव्वाचे पैसे मात्र तसेच आहेत. परत घ्यायला तिच्या मागे कुणी नाही, आणि पैसे परत केल्याशिवाय भोग्याचं घर मोकळं होत नाही, हे तिनेच आम्हाला शिकवलं होतं. ती खोली अजून तिचीच आहे. आम्ही तिथे रोज झाडतो, दिवा लावतो. दुसरा खिळा मारलेला नाही.